डेल्कोतलं पाणी

जीप सुरू होईना, आणि त्याचं कारण गावाला बसल्या जागी सापडलं. झुंबरबाईचं कोरं कपाळ.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवसाची सकाळ. ऊन अजून खळ्यात उतरलं नव्हतं, पण वारा आत्ताच चुलीवरून उठून आल्यासारखा अंगाला लागत होता. दोन दिवसांमागं वादळ येऊन गेलेलं. मळ्याच्या कडेची केळी कमरेत मोडून पडली होती आणि त्यांचा आंबूस वास खळ्यापर्यंत येत होता. विहिरीजवळ जीप उभी होती. सरकारी लिलावातली, पेट्रोलवरची, ताडपत्रीच्या टपाची. पण आज अशी चकचकीत, की तिच्या पत्र्यात चेहरा बघून भांग पाडावा. झुंबरबाईचा लेक देवचंद आत बसून सेल्फ मारत होता. घ्यँ घ्यँ घ्यँ करून इंजिन फिरायचं, फिरायचं, आणि पेट न घेताच गप व्हायचं.

बोनेटवर हळदकुंकवाची पाच बोटं उमटलेली होती. ती झुंबरबाईची. चाकाखाली नारळाची करवंटी पडलेली. तो नारळही तिनंच फोडलेला.

आता घरात सवाशीण नव्हती असं नाही. सून होती, पुष्पाबाई. पण ती कालपासून बाजूला बसलेली. देवचंद म्हणाला होता, "माय, शेजारनी बेबाबाईले बलावू का, ओवाळाले?" तर झुंबरबाई म्हणाली, "काबर? बेबाबाईनी ली व्हती का जीप? मन्ही केळी गयी तिनामा. मन्ही जीप शे, मीच ओवाळसू." आणि ताट घेऊन पुढं झाली. नवरा गेल्यापासून मळा तिनं ओढला होता. रात्रीच्या लाइटीत उठून केळीला पाणी भरलं, घड कापणाऱ्यांच्या मागं उभं राहून घड कापून घेतले, ट्रकवाल्याशी भांडली. तेव्हा तिच्या कपाळाकडं कोणी बघितलं नाही. बोट बोनेटला लागलं तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

सगळ्यांत आधी उघडले जीवराम आबाचे. आबा तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं. आज तो मुऱ्हाळी म्हणून निघणार होता. आखाजीला लेकीला माहेरी आणायला घरचा पुरुष जातो, तो मुऱ्हाळी. झुंबरबाईची लेक सुंदर अनेर नदीपल्याड, शिरपूरच्या बाजूला दिलेली. गेल्या साली आबाच यष्टीनं गेला होता. तिथं पाटाखाली रांगोळी काढली नव्हती म्हणून ताटावरून उठला आणि पोरीला न घेताच माघारी आला. त्याच्या आदल्या साली सासरच्यांनीच धाडली नाही. यंदा विहीण कलाबाईनं निरोप दिला होता, दिवा लागायच्या आत मुऱ्हाळी दारात दिसला तर पोर धाडू. दिवा लागल्यावर आम्ही घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर काढत नाही. आणि बांगड्या भरणाऱ्या बाईबरोबर सुंदरचाही निरोप आला होता. एवढाच: "माय, आठे मी बोलाले भुली गयी."

तो निरोप ऐकल्यापासून झुंबरबाई दिवस मोजत होती. कोणाला सांगितलं नव्हतं. सांजोऱ्या मात्र डबा भरून करून ठेवल्या होत्या.

"काय रे देवचंद," आबा जीपभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हाई कुकू कोनी लावं?"

देवचंद स्टिअरिंगकडं बघत राहिला.

"मी काय इचारी रायनू?"

झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर आबाच्या बाजूनं गालापर्यंत ओढून घेतला. जेठासमोर बाईनं तोंड उघडायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. लग्न होऊन आल्यापासून तिनं ती एकदाही मोडली नव्हती. काही सांगायचं तर मधे कोणीतरी लागायचं. आधी नवरा होता, मग लेक. लेक घरात नसला तर ती गाईला सांगायची, आणि आबा ओट्यावर बसून ऐकायचा.

"देवचंद," ती म्हणाली, "सांग तुन्हा आबाले, मी लावं. घरनी गाडी घरना मानूसनी पुजी."

"सांग तुन्ही मायले," आबानं लगेच परतवलं, "कोरा कपाळनी बाईनी कुकू लावं, म्हनीसन गाडी मुकी व्हयनी. चाल, पुस ते."

खळ्यात तोवर माणसं गोळा झाली होती. जीप चालू होताना बघायला कोणी येत नाही, बंद पडली की गाव जमतं. गल्लीतला उखर्डू आला होता, दातात काडी घालून. बेबाबाई आली होती, कमरेवर घागर. देवचंद खाली उतरला. आईकडं न बघता त्यानं फडकं घेतलं, आणि बोनेटवरची ती पाच बोटं पुसली.

झुंबरबाई बघत राहिली. एकदा तिच्या कपाळावरचंही असंच पुसलं होतं, याच घराच्या ओट्यावर, बायकांनी धरून. तेव्हा तिला शुद्ध नव्हती. आज होती.

मग रीतसर सगळं झालं. आबानं गोमूत्र शिंपडलं. बेबाबाईला पुढं ढकललं. ती बिचारी अवघडून म्हणाली, "झुंबरअक्का, मन्हावर राग नको धरू व," आणि बोनेटला कुंकू लावलं. आबानं धोतराच्या सोग्यातून लिंबू काढून पुढच्या चाकाखाली ठेवलं. देवचंदनं सेल्फ मारला.

घ्यँ घ्यँ घ्यँ.

"दोष भारी शे," आबा म्हणाला. "उतराले येळ लागी. तुन्ही मायले घरमा जावाले सांग. दाराआड उभी राहू दे. सावली नको पडाले."

"देवचंद, सांग तुन्हा आबाले," झुंबरबाईचा आवाज पदराआडून आला तरी पार वेशीपर्यंत गेला असता, "मन्ही सावली गाडीवर पडस तर केळीवरबी पडस. दोन सालपासून ह्याच सावलीमा पिकेल केळी खाई रायनात, तव्हय पोटमा नही दुखनं का?"

उखर्डू फिस्सकन हसला. आबानं बघितल्यावर खोकला.

"काय सांगी रायनी ती?" आबानं विचारलं. जणू ऐकूच आलं नव्हतं.

"काही नही, आबा," देवचंद म्हणाला.

ते 'काही नही' झुंबरबाईला कुंकू पुसण्यापेक्षा जास्त लागलं. आबाचं काय, तो परक्या पोटचा. पण ह्याला तिनं पोटात वागवला, ह्याचं तोंड तिनं धुतलं. ती लेकाकडं बघत राहिली. सकाळपासून त्याच्यात काहीतरी वेगळं होतं. तो डोळ्याला डोळा देत नव्हता. मघापासून एकदाही म्हणाला नव्हता की मायचा काय संबंध.

पण ते धरून बसायला वेळ नव्हता. ऊन खळ्यात उतरलं होतं.

"उखर्डू," ती म्हणाली, "सायकल काढ. फाट्यावर जाय, अभिमनले लई ये. सांग, झुंबरबाईनी गाडी रुसनी. आते ये."

"अक्का, तो आखाजीना आगोदर येस का? त्याना भाव—"

"तू जाय ना भो. भाव मी दखसू."

अभिमन आला तो ऊन डोक्यावर चढल्यावर. काळाकुट्ट, काटकुळा, गालात तंबाखू. फाट्यावर टपरीच्या मागं त्याचं गॅरेज, पण बोलणं मुंबईचा कारखाना सोडून आल्यासारखं. प्रेक्षक बघून त्याला हुरूप आला. सायकलवरून उतरला, पान्यांची पिशवी जीपच्या मडगार्डवर आपटली आणि म्हणाला, "कोन मरनं? इतली गर्दी?"

"गाडीले दोष लागेल शे," आबा म्हणाला.

"दोष व्हय, तर मन्ही गरज काय? बामनले बलावा." आणि सगळ्यांकडं बघून डोळा मारला. "देवचंद, सेल्फ मार."

घ्यँ घ्यँ घ्यँ.

"बस कर. बॅटरी शे. फिरस तर दमदार." त्यानं बोनेट उघडलं. आतून गरम, ओलसर वास आला. कारब्रेटरची नळी सोडली, देवचंदला पंप मारायला सांगितला. नळीतून पेट्रोल आलं, त्यानं बोट बुडवून वास घेतला, आणि बोट उखर्डूच्या नाकाखाली धरलं. "पेट्रोल बी शे. मंग पेटत काबर नही?"

"तेच तर," आबा म्हणाला.

अभिमननं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. पान्यानं एक प्लग खोलला, वर उचलून सगळ्यांना दाखवला. "हाऊ दखा. पेट्रोलमा नहाईसन बसेल शे. पेट्रोल येस, पन जळत नही. चूलमा लाकडं शेत, रॉकेल शे, आन काडी कोनी ओढीच नही. काडी म्हंजे करंट." प्लग वायरीत खोचून त्यानं इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला. "मार."

घ्यँ घ्यँ. सगळ्यांच्या माना पुढं झाल्या. ठिणगी नाही.

मग त्यानं मागची जाड वायर काढली, कॉइलकडून येणारी, तिचं टोक लोखंडापासून बोटभर लांब धरलं. "मार." टक्. निळी ठिणगी उडाली. बेबाबाई दोन पावलं मागं सरली.

"दखनात का? कॉइलपर्यंत करंट शे. आठून प्लगपर्यंत येताना कोठे तरी गयब व्हस. आन मधे कोन शे? मधे शे डेल्को." इंजिनच्या बाजूला वायरींचा तुरा डोक्यावर घेऊन बसलेल्या काळ्या डबीवर त्यानं पाना वाजवला. "बठ्ठा प्लगले करंट वाटनारा हाऊ. पंगतमा वाढपी रास ना, तसा. वाढपी बिघडना, पंगत उपाशी." दोन्ही बाजूंच्या पत्त्या सोडून त्यानं डबीचं झाकण उचललं.

आत पाणी होतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते, खाली तळाशी पळीभर पाणी साचलेलं. अभिमननं शीळ घातली.

"हाई पानी कोठून ऊनं?"

"परवाना पाऊस," देवचंद घाईनं म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याला वाचा फुटली होती. "परवा वादळ व्हतं ना. टपमाईन गळनं व्हई."

अभिमननं बोट आत घातलं, फिरवलं, बाहेर काढून उन्हात धरलं. बोटाला पांढरट बुळबुळीत फेस लागला होता. त्यानं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, नाकाला लावलं.

"पाऊसना पानीले फेस येस का रे, देवचंद?"

देवचंद फडक्यानं मडगार्ड पुसायला लागला.

"हाऊ धुवाना सोडा शे. वरतीन सोड्यानी घासी, आन मंग पंपना पाइप सरळ तोंडवर धरेल शे. बैल धुतस तशी धुयेल शे हाई जीप." त्यानं मान वर केली. "कोनी धोयी?"

ठिणगी बघून झाल्यावर आबा उन्हाला कंटाळून निंबाखाली बाजेवर जाऊन बसला होता, आणि बेबाबाई-उखर्डूसकट सगळे त्याच्यामागं गेले होते. जीपजवळ तिघंच. अभिमन, देवचंद, आणि झुंबरबाई.

पहाटे पंपाचा आवाज तिनं ऐकला होता. सांजोऱ्या लाटत होती तेव्हा. लाइट आली, पोरगा केळीला पाणी देतोय, असं मनाशी म्हणाली होती. आता तिनं लेकाच्या कोपराकडं बघितलं. कोपराच्या घडीत पांढरा सुकलेला ओघळ होता. ह्या पोरानं आजवर बैलच धुतले. पोळ्याला विहिरीवर नेऊन, अंग चोळून, शेवटी तोंडावर पाणी मारायचं, नाकात गेलं की बैल फुरफुरायचा आणि हा हसायचा. जीपचंही त्यानं तेच केलं होतं. बहिणीच्या सासरी न्यायची म्हणून. बोनेट उघडून, तोंड धुवून.

"मी..." देवचंद पुटपुटला. "माय, तू सांगेल व्हतं पानी आतमा जाऊ द्यानं नही. आबा हासता. बैल धुनारा जीप काय चालाडी, असं तो पहिलेच म्हने. म्हनीसन..."

"म्हनीसन मन्हं कुकू पुसं."

"माय—"

"गप."

अभिमननं काहीच ऐकलं नाही असं दाखवलं. डबी फडक्यानं कोरडी केली, आतले पॉइंट पुसले, झाकण उन्हात तापत ठेवलं, वायरी एकेक करून पुसून पुन्हा खोचल्या. मग म्हणाला, "मार."

घ्यँ घ्यँ... आणि जीप पेटली. मागून काळा धूर सुटला, पत्रा थरथरला. निंबाखालची माणसं उठून पळत आली.

सगळ्यांत पुढं आबा. त्यानं पहिल्यांदा कुठं बघितलं असेल तर चाकाखाली. लिंबू तिथंच होतं, उन्हानं सुकलेलं.

"दखं?" तो म्हणाला. "उतरना दोष. येळ लागना, पन उतरना."

"हाव आबा," कोणीतरी म्हणालं. "लिंबूनी काम करं."

बेबाबाईनंसुद्धा जीपला हात जोडले.

झुंबरबाईला वाटलं होतं, आता कळेल. यंत्र उघडून दाखवलं, पाणी दाखवलं, फेस दाखवला. पण बघायला होतं कोण? ती देवचंदकडं वळली.

"बोल."

देवचंदनं इंजिन चालूच ठेवून मान खाली घातली. "आबा, मी पहाटे धोयी व्हती गाडी. डेल्कोमा पानी गयं व्हतं. मायना काही दोष नही."

"जोरबन बोल. निंबपर्यंत जाऊ दे."

त्यानं जोरानं सांगितलं. आबानं ऐकून घेतलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि असं हसला, की झुंबरबाईच्या पायाच्या बोटांपासून आग उठली.

"भला पोऱ्या शे," आबा लोकांना म्हणाला. "मायना दोष सोतावर ली रायना. असंच पाहिजे. चाल, बठ आते. आन तुन्ही मायले सांग, आतेतरी गाडीपासून लांब रहा. नदीमा बंद पडनी तर कोन काढी?"

आणि तो पुढच्या शिटावर चढायला लागला.

ऊन कलायला लागलं होतं. निघायची हीच वेळ होती. एक शब्द गिळला असता, पदर थोडा आणखी ओढला असता, तर जीप गेली असती, दिवा लागायच्या आत कलाबाईच्या दारात पोचली असती, पोर घरी आली असती. हे झुंबरबाईला कळत नव्हतं असं नाही. तिला हेही कळत होतं, की पोर घरी आली तरी उद्या ही बाई कोऱ्या कपाळाची म्हणून पोरीला ओवाळायला दुसरीला बोलावतील. परवा आखाजीच्या झोक्याला हात लावू देणार नाहीत. लेकीला न्यायला येतील तेव्हा दाराआड उभं करतील. आणि सुंदर बोलायला विसरलीच आहे, ती बघून बघून तेच शिकेल.

तिनं गालावरचा पदर मागं टाकला.

"आबा."

खळ्यातली माणसं होती तिथं थांबली. इंजिन तेवढं चालू होतं. आबाचा एक पाय जीपमधे, एक जमिनीवर. त्यानं वळून बघितलं, कोणाला हाक मारली म्हणून. आपल्याला मारली हे त्याच्या ध्यानात येईना.

"तुमलेच सांगी रायनू. उतरा."

"देवचंद," आबा म्हणाला, "तुन्ही मायले काय व्हयनं?"

"त्याले मधे घालू नका. मी तुमनासंगे बोलस. इतला साल गायले सांगं, म्हसले सांगं, आते तोंडवर सांगस. उतरा खाल." तिनं अभिमनकडं बघितलं. "गाडी बंद कर."

"अक्का, चालू व्हयेल शे ती—"

"बंद कर म्हनं ना."

इंजिन बंद झालं. झुंबरबाईनं बेबाबाईची खाली ठेवलेली घागर उचलली, तळाशी राहिलेलं पाणी पूजेच्या तांब्यात ओतलं.

"खोल ते डेल्को."

अभिमनच्या गालातली तंबाखू थांबली. मग त्याला समजलं, आणि त्याच्या डोळ्यात फुकट तमाशा मिळाल्यासारखी चमक आली. त्यानं पत्त्या सोडून झाकण उचललं. झुंबरबाईनं तांब्यातलं पाणी आत ओतलं. झाकणातही ओतलं.

"माय!" देवचंद ओरडला. "सांज व्हई जाई! सुंदर—"

"सुंदरनाकरताच करी रायनू. लाव झाकन." मग आबाकडं. "आते मी बाजूले व्हस. हाई दखा, मी ओट्यावर जाई बठस. सावली नही, काही नही. बेबाबाईनं कुकू शे. तुमनं लिंबू शे. लिंबूनी चालू करी दखाडा."

ती ओट्यावर जाऊन बसली. खरंच बसली, पाय पसरून. दाराआडून सून पुष्पाबाई बघत होती, तोंडावर हात घेऊन.

आबाला मागं फिरायला जागा उरली नव्हती. गाव बघत होतं. त्यानं दुसरं लिंबू काढलं, चाकाखाली ठेवलं, काहीतरी पुटपुटला. "मार रे."

घ्यँ घ्यँ घ्यँ.

"अजून मार."

घ्यँ... घ्यँ...

"तिसरं ठी दखा, आबा," उखर्डू म्हणाला. "लोनचं तरी व्हई."

ह्या वेळी लोक हसले, आणि खोकले नाहीत. आबाचा चेहरा टोपीखाली काळा पडला. त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. बेबाबाईच तोंड वळवून म्हणाली, "आबा, रहू द्या ना आते. पोरगीले आनाले जानं शे."

झुंबरबाई उठली. जीपपाशी आली. झाकण स्वतः उचललं. मागं टाकलेला पदर पुढं ओढून त्याच्या टोकानं डबीचं आतलं अंग पुसलं, बोटाला पदर गुंडाळून कोपरे पुसले, झाकणातल्या पितळी टिकल्या एकेक पुसल्या. अभिमन नुसता दाखवत होता, आठे, आठेबी. तिच्या विरलेल्या लुगड्याला काळं लागलं. तिनं तोंडानं आत फुंकर घातली, चूल फुंकतात तशी, गाल फुगवून, खूप वेळ. मग झाकण अभिमनच्या हातात दिलं.

"मार."

घ्यँ. टक्.

"बॅटरी बसनी," अभिमन म्हणाला. "इतली येळा मारी, ती काय करी? गाडी आते पेटी, पन धक्का माराले लागी."

झुंबरबाई फिरून पुढच्या बाजूला गेली आणि पुढच्या शिटावर चढून बसली, मुऱ्हाळ्याच्या जागी. सांजोऱ्यांचा डबा बाजूला बसलेल्या सुनेनंच आणून मांडीवर दिला.

"उखर्डू, लाव जोर. अभिमनभाऊ, तूबी." मग मान वळवली. "आबा. तुम्हीबी."

कोणी हसलं नाही. आबा उभा होता. त्याला निघून जाता आलं असतं. पण निघून जायचं तर सगळ्यांच्या मधून जावं लागलं असतं. त्यानं उपरणं कमरेला बांधलं आणि जीपच्या मागं जाऊन हात टेकले.

जीप हलली. खळ्याच्या उतारावर चाकांनी वेग धरला, मागून आबाचा घोगरा श्वास ऐकू येत होता, देवचंदनं गिअर टाकला, जीपनं एक हिसका खाल्ला आणि पेटली. मागची चाकं विहिरीजवळच्या चिखलात फिरली. झुंबरबाईनं मागं वळून बघितलं नाही. पण उखर्डूनं नंतर बरेच दिवस सांगितलं, आबाचं पांढरं धोतर कुठपर्यंत भरलं होतं ते.

चोपड्याच्या रस्त्याला लागल्यावर देवचंद म्हणाला, "माय, माले माफ कर."

"रस्तावर डोळा ठेव," ती म्हणाली. "बंद करू नको गाडी. तिना घरनासमोरबी बंद करू नको."

अनेर कोरडी होती, वाळूत थोडं पाणी. जीप पलीकडं चढली तेव्हा ऊन तांबडं झालं होतं, गावात शिरली तेव्हा तेही नव्हतं. गुरं घराकडं वळत होती, त्यांनी वाट अडवली. देवचंद भोंगा वाजवत राहिला. झुंबरबाईनं उतरून, गुराख्याच्या हातची काठी हिसकावून, एका म्हशीला बाजूला केलं.

कलाबाई ओट्यावर होती. समईत तेल घातलेलं, वात ओढलेली, हातात काडेपेटी. जीप धडधडत दारात उभी राहिली तशी तिनं कपाळावर हात धरून बघितलं.

"मुऱ्हाळी कोठे शे? जीवराम आबा नही ऊनात?"

"मी शे मुऱ्हाळी," झुंबरबाई म्हणाली.

"बाईमानूस? आखाजीले? आन तेबी..." कलाबाईची नजर तिच्या कपाळावर जाऊन थांबली.

"तेबी काय, विहीणबाई? बोला. पुरं बोला. मी बठ्ठं ऐकीसनच ऊनू."

कलाबाईनं घाईनं काडी ओढली. पण जीपच्या सायलेन्सरचा भपकारा ओट्यावर आला आणि काडी विझली. तिनं दुसरी काढली.

तोवर आतल्या अंधारातून सुंदर बाहेर आली. काखेत बोचकं होतं, केव्हाचं बांधून ठेवलेलं. तिनं सासूकडं बघितलं, मग दारातल्या जीपकडं, मग पुढच्या शिटाजवळ उघड्या डोक्यानं उभ्या असलेल्या आईकडं, लुगड्याच्या पदराला सगळं काळं लागलेल्या.

"माय व," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली, "हाई काय करी लिधं?"

आणि उंबरा ओलांडला. वात अजून पेटली नव्हती.